बादलीतली घट

दिंडोरी तालुक्यात कादवेच्या काठाला एका द्राक्ष बागायतदाराचं घरचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये प्रीकूलिंगची, म्हणजे माल झटपट गार करायची, एक खोली आणि साठवणीची एक. साठवणीच्या खोलीत बारा-तेरा टन माल बसतो. मालक साठीचे, त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला. "भाऊ, मशीन चांगलं चाललंय, त्याची तक्रार नाही. पण तुम्ही या. माल चोरीला चाललाय आणि कसा ते कळंना."

माझा धंदा कूलिंग मशिनरीच्या दुरुस्तीचा. चोर पकडणं त्यात बसत नाही. नानांना नाही म्हणणं जड, म्हणून गेलो.

झालं होतं असं. थॉमसन जातीच्या द्राक्षांची पाच किलोंची २,४०० खोकी भरून, प्रीकूलिंग करून खोलीत लावली होती. देशी बाजाराचा माल, त्यामुळे आत नुसता कागद, एक्स्पोर्टसारखी प्लास्टिकची लायनर पिशवी नाही. भाव पडलेला होता, व्यापारी म्हणाला दहा-बारा दिवस थांबा. बाराव्या दिवशी गाडी लागली. व्यापाऱ्याच्या माणसाने दहा खोकी उघडली, खोकं-कागद बाजूला काढून नुसती द्राक्षं काट्यावर घातली. सरासरी चार किलो ८६० ग्रॅम. खोक्यामागे १४० ग्रॅम गायब. २,४०० खोक्यांचे मिळून ३३६ किलो. घटीचे पैसे कोण सोसणार यावर जुंपली आणि गाडी रिकामी परत गेली. माल आतच राहिला, हे माझ्या दृष्टीने बरं झालं.

नानांचा संशय रात्रीच्या रखवालदारावर होता. सुरगाण्याकडचा पन्नाशीचा माणूस, चार वर्षं त्यांच्याकडे. रात्री तो एकटा, किल्ली त्याच्याकडे. मी पोचलो तेव्हा तो शेडच्या कडेला उकिडवा बसला होता आणि कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. मशीन चालवणारा नानांचा पुतण्या मात्र मोठ्याने बोलत होता.

मी आधी काटा मागितला. नंतर तीस खोकी निवडली, पण मनाला येतील तशी नाही. दहा पंख्यासमोरची, दहा थप्पीच्या पोटातली, दहा दाराजवळची. पंख्यासमोरची १६० ग्रॅमच्या आसपास कमी भरली, पोटातली १२० ते १२५, दाराजवळची मध्ये कुठेतरी. एकही खोकं पुरतं पाच किलो नव्हतं आणि एकातही पाव किलोची घट नव्हती. प्रत्येकाची चिकटपट्टी शाबूत.

चोर असा नसतो. चोर एक खोकं उचलतो, फार तर चार खोक्यांतले चार घड काढतो. २,४०० खोक्यांत हात घालून प्रत्येकातून मूठभर नेणारा, तेही वारा जास्त तिथून जास्त आणि वारा कमी तिथून कमी नेणारा, माणूस असू शकत नाही. हे मी नानांना तिथेच सांगितलं, जरा मोठ्याने, रखवालदाराला ऐकू जाईल असं.

"मग कोण?"

घड उचलून दाखवला. मणी हाताला घट्टच होते, पण देठ हिरवा राहिला नव्हता. बारीक फांद्या तपकिरी, काडीसारख्या, वाकवल्या की मोडणाऱ्या. बागेत वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. नाना म्हणाले, "सुकलाय." मग लगेच, "पण आत तर एवढी ओल आहे!" आणि त्यांनी पॅनेलकडे बोट केलं. पॅनेलवर आर्द्रता ९२ टक्के दिसत होती. द्राक्षाच्या खोलीला ९० ते ९५ हवी असते. कागदावर सगळं उत्तम होतं.

मीठ

आर्द्रतेच्या सेन्सरवर माझा विश्वास फार कमी आहे. बुरशी रोखायला गंधकाची वाफ सोडणारे पॅड ज्या खोलीत वर्षानुवर्षं ठेवले जातात, तिथे तर अजिबात नाही. नानांची ही खोली आधीच्या हंगामात एक्स्पोर्टच्या मालाने भरलेली होती, आणि त्या पॅडमधला वायू, सल्फर डायऑक्साइड, सेन्सरला मानवत नाही. जुनी रीत ओल्या फडक्याच्या थर्मामीटरची, पण शून्याजवळ तीही फसते. फडक्यावरचं पाणी गोठतं, कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातला फरक दोन अंशांच्याही आत येतो, आणि वाचण्यात अर्ध्या अंशाची चूक झाली तर आर्द्रता सात-आठ टक्क्यांनी इकडची तिकडे होते.

म्हणून काकूंकडून वाटीभर मीठ मागितलं. त्यात चमचा-दोन चमचे पाणी घालून ओला लगदा केला, काचेच्या बरणीत ठेवला, पॅनेलचा प्रोब, म्हणजे सेन्सरची कांडी, वायरीसकट काढून बरणीत सोडला आणि तोंड टेपने बंद केलं. प्रोब लगद्याला टेकणार नाही एवढं बघितलं. शेजारी दुसऱ्या बरणीत माझा हातातला मीटर, तसाच. आणखी विरघळणार नाही एवढं मीठ असलेल्या पाण्यावरची बंद हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला येऊन ठरते. शून्य अंशाला काय आणि तीस अंशाला काय, आकडा जवळजवळ हलत नाही. घरात मिळणारं इतकं पक्कं माप दुसरं मला माहीत नाही.

सकाळी माझा मीटर ७६ दाखवत होता. पॅनेल ९५ दाखवत होतं. वीस टक्के जास्त. माझा मीटर खोलीत मालाच्या मध्ये तासभर ठेवला, तर ७२.

म्हणजे नानांची खोली बारा दिवस ७२ टक्क्यांवर चालली होती आणि पाटी ९२ ची लागलेली होती. पुतण्याचा आवाज इथे खाली आला. त्याची चूक मात्र मी म्हणणार नाही. पॅनेलवर आकडा हिरव्या दिव्यात झळकत असेल तर तो खोटा असेल असं कोणाच्या मनात येतं?

पाण्याचा रेटा

नानांना हे समजावताना मी बाष्पदाब हा शब्द लगेच वापरला नाही. आधी चहा. पाणी कुठल्याही तापमानाला वाफ होऊन बाहेर पडायला बघतच असतं. त्या रेट्याला माप आहे. शून्य अंशाला तो ६.१ मिलिबार, १० अंशांना १२.३, २० ला २३.४, ३० ला ४२.४. दर दहा अंशांना जवळपास दुप्पट. वाढता वाढता तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की पाण्याच्या पोटातही बुडबुडे धरतात, त्याला आपण उकळणं म्हणतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच, हवेचा दाब साधारण ९४५ मिलिबार, म्हणून आपल्याकडे चहाचं पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. उकळण्याआधीही पाणी जातच असतं, गुपचूप. आणि पाणी संपृक्त हवेशी, म्हणजे आणखी वाफ मावत नाही अशा हवेशी, तोंड देऊन उभं असेल तर जेवढं जातं तेवढंच परत येतं, वजन हलत नाही.

म्हणजे द्राक्षातून पाणी किती जाणार हे द्राक्षाच्या आतला रेटा आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेचा दाब यांच्यातल्या फरकावर ठरतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये जॉन डाल्टनने बाष्पीभवनाचा हाच नियम मांडला. टक्केवारी ही नुसती सापेक्ष गोष्ट आहे. फरक मिलिबारमध्ये मोजायचा.

त्या दुपारी शेडबाहेर २८ अंश आणि ३५ टक्के होते. ३५ टक्के म्हणजे कोरडी हवा, ओठ फुटतात अशी. तरी तिच्यात वाफेचा दाब होता १३ मिलिबार. आत खोलीत अर्धा अंश आणि ७२ टक्के, ऐकायला दमट, पण अर्ध्या अंशाला पाण्याचा पूर्ण रेटाच ६.३, त्याचे ७२ टक्के म्हणजे ४.६. नानांनी हा हिशेब दोनदा करायला लावला. बाहेरच्या "कोरड्या" हवेत आतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट वाफ होती.

आता मणी. मण्यात शुद्ध पाणी नाही, साखरेचं पाणी आहे. पाण्यात काही विरघळलं की त्याचा हा रेटा, म्हणजेच बाष्पदाब, उतरतो. हे फ्रान्सच्या राउल्तने १८८० च्या दशकात मोजून दाखवलं, आणि आपल्या बरणीतल्या मिठाचीही करामत हीच, फक्त मीठ फार जोरात उतरवतं, साखर थोडं. १८ ब्रिक्सच्या, म्हणजे शंभरात साधारण अठरा भाग साखर असलेल्या, रसात उतार दोन-अडीच टक्क्यांचा. म्हणून अर्ध्या अंशाला मण्याच्या आतला रेटा ६.३ नाही, साधारण ६.२. याच कारणाने द्राक्ष शून्याला गोठतही नाही, त्याला उणे दोनच्याही खाली न्यावं लागतं. देठात साखर कमी, तो आधी गोठतो. आणि देठावर मण्यासारखं मेणही नाही, म्हणून तो आधी सुकतोही. माल बिघडला की पहिली साक्ष देठच देतो.

मणी ६.२, हवा ४.६. फरक १.६ मिलिबार. ऐकायला चिमूटभर. पण तो चोवीस तास, बारा दिवस, १२ टन मालावर चालू होता.

नाना गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे मी कोल्डमध्ये बेदाणा घातला."

याहून नेमकं मी सांगू शकलो नसतो. बेदाण्याच्या शेडमध्ये घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, मेणाची कातडी मोकळी होते, वारा लागतो आणि बारा-पंधरा दिवसांत चार किलोंचा एक किलो होतो. नानांच्या खोलीत मेण शाबूत होतं आणि गारठा होता, म्हणून निकाल अडीच-तीन टक्क्यांवर थांबला. रीत तीच.

हवा कोरडी केली कोणी

खरा प्रश्न इथे सुरू होतो. खोली बंद आहे, १२ टन द्राक्षं आत श्वास टाकत बसली आहेत, तर हवा दोन दिवसांत संपृक्त होऊन बसायला हवी आणि सुकणं थांबायला हवं. डब्यात ठेवलेली भाकरी काही सुकत नाही. मग हवेतली वाफ कोण नेत होतं?

मी गेज लावला. सक्शनला, म्हणजे मशीनकडे परत येणाऱ्या गॅसच्या नळीत, पन्नासच्या आसपास पीएसआय दाब. मशीन आर-४०४ए गॅसचं, त्या दाबाला गॅस उणे नऊ अंशांच्या सुमाराला उकळतो. इथे एक गंमत आहे, आमच्या धंद्यातल्या पोरांनाही ती सहसा सुचत नाही. गेजवर दाब वाचून आम्ही तापमान सांगतो ते याच बाष्पदाबाच्या जोरावर. खोली गार करणाऱ्या कॉइलच्या नळीत गॅसचा बाष्पदाब, नळीबाहेर पाण्याचा. भिंत तांब्याची, दोन्ही बाजूंना एकच नियम.

उणे नऊच्या कॉइलवर पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही, तिथे बर्फ. उणे नऊच्या बर्फाचा बाष्पदाब २.८ मिलिबार. आता उतरंड पूर्ण दिसते. मण्यात ६.२, हवेत ४.६, कॉइलवर २.८. पाणी उताराने वाहतं तसं हे वाहत होतं, फक्त दिसत नव्हतं. मण्यातून वाफ, वाफ हवेतून कॉइलकडे, आणि कॉइलवर वाफेचा थेट बर्फ. मधे पाण्याचा थेंब होतच नाही. बर्फाची थेट वाफ होण्याला संप्लवन म्हणतात, त्याची ही उलटी वाट. मग दर सहा तासांनी डीफ्रॉस्टचा हीटर लागतो, बर्फ वितळतो, पाणी ट्रेमध्ये पडतं, नळीने भिंतीपलीकडे जातं. द्राक्षातलं पाणी, वाफ, बर्फ, पुन्हा पाणी. शाळेत पाण्याच्या तीन अवस्थांचं जे चित्र काढायला लावतात ते या खोलीत दिवसातून चार वेळा पुरं होत होतं, आणि दर फेरीला नानांचे पैसे नळीतून जात होते.

कॉइल इतकी गार का ठेवली होती? कॉइल आणि हवा यांच्यातला फरक चार-पाच अंशांचा असेल तर खोली ८८-९० टक्क्यांवर सहज राहते. दहा अंशांच्या आसपास गेला की सत्तरीत येते. इथे साडेनऊचा होता. कारण शोधायला दहा मिनिटं लागली. कॉइलच्या तीन पंख्यांपैकी एक जळालेला. त्यात पंख्यांच्या जाळीवर पुठ्ठ्याचा भुसा. वारा कमी म्हणून गारवा उचलला जात नव्हता, खोली अर्ध्या अंशावर येत नव्हती, म्हणून पुतण्याने सक्शन खाली ओढलं. खोली अर्ध्या अंशावर आली. पॅनेलवर तापमान बरोबर, आर्द्रता ९२. त्याच्या दृष्टीने त्याने मशीन वाचवलं होतं.

बर्फ जास्त धरायला लागला तसा वारा आणखी अडला. बर्फाचा थर म्हणजे गोधडीच. मग त्याने आणखी खाली ओढलं. कोणीतरी सांगितलं म्हणून मधे चार दिवस जमिनीवर पाणीही मारलं. कल्पना अगदीच वाईट नाही, जमिनीवरच्या पाण्याचाही रेटा ६.३ च, तेही हवेला थोडी वाफ देतं. पण कॉइल उणे नऊला बसलेली असेल तर ती ते पाणी आधी खाते आणि बर्फ वाढवते. खालच्या थरातली खोकी मऊ पडून बसली, ती वेगळीच.

आता चोर कुठे आहे हे दाखवणं उरलं होतं.

बादली

ड्रेनची नळी शेडच्या मागे, रामफळाच्या झाडाखाली उघडते. तिथली जमीन कायम ओली असते आणि त्या झाडाला उन्हाळ्यात कधी पाणी घालावं लागत नाही. सगळ्यांना हे माहीत होतं, कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नळीखाली पंधरा लिटरच्या दोन बादल्या ठेवल्या आणि रखवालदाराला सांगितलं, दर डीफ्रॉस्टनंतर पाणी मापाने मोजायचं आणि लिहायचं. पुतण्या म्हणाला, त्याला नका सांगू. मी म्हणालो, त्यालाच सांगणार.

चोवीस तासांत चार डीफ्रॉस्ट, २६ लिटर.

या २६ लिटरमधलं सगळं द्राक्षाचं नाही. दार उघडलं की बाहेरची हवा आत येते आणि तिच्यातलं पाणीही कॉइल खाते. बाहेरच्या घनमीटर हवेत साडेनऊ ग्रॅम वाफ, आतल्या हवेत साडेतीन-पावणेचार, म्हणजे आत आलेला प्रत्येक घनमीटर पाच ग्रॅमच्या वर पाणी टाकून जातो. खोली दीडशे घनमीटरची, दिवसात चार वेळा हवा पालटली धरू, तर तीन-साडेतीन लिटर. उरले सुमारे २३. बारा दिवसांचे २७६.

घट ३३६ किलो, बादली २७६. साठ किलोंचं काय? थोडं प्रीकूलिंगच्या खोलीत गेलं, तिची कॉइल वेगळी, तिथे बादली लावलेली नव्हती. थोडं खोक्यांनी प्यालं. पुठ्ठा हवेतलं पाणी ओढतो, एका खोक्याने वीस ग्रॅम ओढलं तरी २,४०० खोक्यांचे ४८ किलो होतात. यामुळेच काही लोकांना घट कळतच नाही, कारण ते खोक्यासकट वजन करतात आणि द्राक्षाने गमावलेलं थोडं पाणी पुठ्ठा वजनात भरून देतो. हिशेब काटेकोर जुळला असं मी म्हणत नाही. जुळला असता तर मीच संशय घेतला असता. बारा दिवस पाणी रोज २३ लिटरच पडलं हेही धरून चाललेलंच आहे.

नानांनी ओंजळीत पाणी घेऊन चव बघितली. गोड नव्हतं. कसं असेल, साखरेची वाफ होत नाही, ती मण्यातच राहते. पुतण्याने साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणून रस बघितला आणि भरताना १८ होतं ते साडेअठरा आलं म्हणाला. पाणी पावणेतीन टक्के गेलं तर गणितानेही साडेअठराच येतं. पण दोन घडांतच अर्ध्या ब्रिक्सचा फरक असतो, म्हणून या आकड्याला मी पुरावा मानत नाही. त्याने मात्र तो सगळ्या गावाला सांगितला.

वीजबिलाचीही एक बाजू आहे. वाफेचा किलोभर बर्फ करताना कॉइलला सुमारे २,८३० किलोज्यूल उष्मा ओढावा लागतो, आणि तोच बर्फ वितळवायला हीटरला ३३४. दिवसाला २६ किलोंचे झाले वीस युनिटांहून जास्त गारव्याचं काम, मशीन त्यासाठी सात-आठ युनिट वीज खातं, हीटरची वेगळी. माल सुकवायची मजुरीही नानाच देत होते.

रखवालदाराचं काय झालं ते इथे लिहितो, कारण प्रकरण सुरू त्याच्यावरून झालं. नानांनी त्याला काही म्हटलं नाही. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघणं कठीण. संध्याकाळी चहा आला तेव्हा पहिला कप त्यांनी स्वतः उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला आणि बाजूला ठेवून दिला. बराच वेळ तसाच होता.

काय केलं

पंखा त्याच दिवशी बदलला. जाळी आणि कॉइलचे पत्रे धुतले. वारा पुरेसा झाल्यावर सक्शन साठ पीएसआयच्या वर ठेवता आलं, म्हणजे कॉइल उणे चार-साडेचारला. तिथल्या बर्फाचा बाष्पदाब सव्वाचार मिलिबारच्या आसपास. हवा ८८ टक्क्यांवर चढली, साडेपाच मिलिबार. मण्याचा ६.२ काही बदलला नाही, पण फरक १.६ वरून ०.६ वर आला. थप्प्यांवर भोकांचं प्लास्टिक टाकलं, दाराला पट्ट्यांचा पडदा लावला. पॅनेलचा सेन्सर नवीन घेतला आणि तो लावण्याआधी मिठात घातला. नवीन असूनही तो ७९ दाखवत होता. त्याच्या अंगावर मार्करने "४ वजा" लिहून ठेवलं.

आर्द्रता ९८ पर्यंत का नाही नेली, असं पुतण्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. संपृक्तीच्या इतकं जवळ गेलं की तापमान जरा खालीवर झालं तरी मण्यावर दव धरतं, आणि बुरशीला दवच हवं असतं. गंधकाच्या पॅडचंही तसंच, ते हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू वायू सोडतात, त्यांच्यावर पाणी साचलं तर एकदम सोडतात आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात.

दवावरून माल बाहेर काढण्याचीही गोष्ट निघाली. वाफेचा दाब १३ मिलिबार म्हणजे दवबिंदू ११ अंश. अर्ध्या अंशाचा घड दुपारी बाहेर आणला की फ्रिजमधल्या बाटलीसारखा घामेजणारच, आणि मण्यावरची ती भुरकट लव पुसली जाणार. माल सावलीत धरा, गाडी आधी गार करून दाराला चिकटवून लावा, मधल्या वेळेत खोकी उघडू नका. नानांना हे सगळं माहीत होतं, कारण मात्र पहिल्यांदा कळलं. त्यांनी एक हिशेब त्यातून स्वतः काढला आणि तो मला मनापासून आवडला. बाहेर २८ अंशांना मण्याचा रेटा ३७ मिलिबारच्या आसपास, हवा १३, फरक २४. खोलीतला वाईट दिवसांतला फरक १.६. म्हणजे तोडलेला माल बांधावर एक तास पडून राहिला तर त्या बिघडलेल्या खोलीतल्या पंधरा तासांएवढा सुकतो. "मग भाऊ, मी तिकडं बारा दिवसांचा हिशेब करत बसलो आणि इकडं बाया जेवायला गेल्या की क्रेट दोन तास उन्हात." उन्हात मणी हवेपेक्षाही तापतो, तेव्हा पंधरा तर कमीतच.

जुना लॉट व्यापाऱ्याने घट नानांच्या अंगावर घालूनच उचलला. त्यात वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. नंतरचा लॉटही तेवढाच, दिवसही तेवढेच. निव्वळ घट खोक्यामागे ४० ते ५० ग्रॅम, देठ हिरवे. बादलीत रोज बारा-तेरा लिटर.

वही आता रखवालदाराकडेच असते. शंभर पानी, वर तारखा, समोर लिटर. शून्य तो उभट काढतो. मार्चच्या मध्यावर रात्री अकराला त्याचा फोन आला.

"साहेब, आज एकोणीस."

"दार जास्त उघडं होतं का? गाडी लागली होती?"

"नाय. दार बंदच."

"पंखे किती फिरतायत बघा."

चपलांचा आवाज, दाराची कडी, मग थोडा वेळ नुसती मशीनची घरघर.

"दोन," तो म्हणाला.